हिशेबी रकान्याचा क्रम



हजेरीपट ही आपल्या रोजच्या ओळखीची वस्तू. पूर्वी गुरुजी तो हाताने आखीत. आता पुष्कळ ठिकाणी तो संगणकात भरतात आणि त्यावरून पॉवर बीआयसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अहवालाचा तक्ता काढतात. या तक्त्यात काही रकाने आपण भरलेले असतात, तर काही संगणकाने गणित करून काढलेले. या दुसऱ्या जातीला आपण हिशेबी रकाना म्हणू. त्याचा क्रम चुकला, तर एखादे पोर आपल्या नजरेतून निसटते. ते कसे, एवढेच आज सांगायचे आहे.

समजा, दिवाळीनंतर शाळा ५० दिवस भरली. पाच मुले घेऊ. त्यांचे हजर दिवस ५०, ४८, ४२, २७ आणि ४. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतून या दिवसांत बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीला जातात. चारच दिवस आलेले पोर अशाच घरचे असेल. हजर दिवसांना ५० ने भागून १०० ने गुणले की शेकडेवारी मिळते: १००, ९६, ८४, ५४ आणि ८. बाई म्हणतात, चढत्या क्रमाने लावा, आणि वरच्या दोन मुलांच्या घरी मी जाऊन येते.

संगणक क्रम लावतो तो असा: १००, ५४, ८, ८४, ९६. म्हणजे बाई आधी कोणाच्या घरी जाणार? तर एक दिवसही न चुकवणाऱ्या मुलाच्या! आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते पोर तिसऱ्या ओळीत बसलेले.

आता तुम्ही म्हणाल, संगणकाला ८ आणि १०० यांतले लहानमोठे कळत नाही की काय? कळते हो. पण येथे त्याला आकडे मिळालेच नाहीत, अक्षरे मिळाली. शब्दकोशात आपण पहिले अक्षर पाहतो, ते सारखे असेल तरच दुसरे. तसेच त्याने १ हे चिन्ह ५ च्या आधी आणि ५ हे ८ च्या आधी लावले. पुढे किती चिन्हे आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

हे घडते बहुधा हौसेपायी. शेकड्याचे चिन्ह दिसावे म्हणून कोणी सूत्रातच 'फॉरमॅट' हे फंक्शन घालतो. ते फंक्शन जे परत देते तो मजकूर असतो, संख्या नव्हे. तेव्हा सूत्रात नुसते गणित ठेवावे आणि चिन्ह दाखवण्याचे काम रकान्याच्या मांडणीवर सोपवावे. ओळखायची एक खूण सांगतो. मुद्दाम बदल केला नसेल, तर तक्त्यात संख्या उजव्या कडेला टेकतात आणि मजकूर डाव्या. शेकडेवारी डावीकडे टेकलेली दिसली की शंका घ्या.

कधी मजकूरच हवा असतो. शेकडेवारीवरून आपण 'कमी', 'मध्यम', 'चांगली' असे शेरे काढले, तर वर्णक्रमाने 'चांगली' मध्ये येते आणि 'मध्यम' शेवटी. अशा वेळी शेजारी १, २, ३ असा क्रमांकाचा रकाना करून शेऱ्याला त्याच्या क्रमाने लावण्याची सोय आहे. मात्र एका शेऱ्याला एकच क्रमांक हवा. आणि येथे एक गोम आहे, बरं का. क्रमांक जर शेऱ्यावरूनच काढला, तर सॉफ्टवेअर हटून बसते. शेऱ्याचा क्रम क्रमांकावर आणि क्रमांक पुन्हा शेऱ्यावर, असे ते चक्र होते. म्हणून क्रमांकही मूळ शेकडेवारीवरूनच काढावा.

महिन्यांचेही तेच. इंग्रजी वर्णक्रमात एप्रिलनंतर ऑगस्ट येतो, मग डिसेंबर. जानेवारीला १ दिला तर पंचांग जुळेल. पण आपली शाळा उघडते जूनमध्ये. तेव्हा जूनला १ आणि मे महिन्याला १२ द्या, म्हणजे दिवाळीनंतर हजेरी कोठून घसरू लागली ते तक्त्यात वरून खाली वाचता येईल.