बहुवारिकाची मधली पायरी
(टेंभुर्णी, तालुका जाफराबाद, जिल्हा जालना येथे केलेले भाषण)



प्लॅस्टिक वीज अडविते, हे आपण तारेवरील आवरणावरून जाणतो. परंतु १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांनी पॉलिॲसिटिलीन या बहुवारिकावर आयोडीनची क्रिया करून त्याची विद्युतवाहकता प्रचंड वाढल्याचे दाखविले. त्याबद्दल त्यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा संयुग्मी बहुवारिकांच्या साखळीत एकेरी व दुहेरी बंध आलटूनपालटून येतात. इलेक्ट्रॉनला सरकण्यास त्यामुळे वाट मिळते.

या पदार्थांपासून सौर घट करता येतात. मात्र मोठी अडचण येते ती सांध्यावर. विद्युतअग्र आणि कार्बनी थर यांच्या ऊर्जापातळ्या जुळत नाहीत. उंच ओट्याला पायरी नसावी, तशी विद्युतभाराची गत होते. ही पायरी म्हणजेच आंतरथर. धनभारासाठी पेडॉट-पीएसएस या बहुवारिकाचा थर देतात. त्याची जाडी साधारण ३० ते ४० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही कमी! (हेच पेडॉट पूर्वी छायाचित्रणाच्या फिल्मवर स्थिर वीज साठू नये म्हणून लावीत.) समोरच्या बाजूस पीएफएनसारख्या बहुवारिकाचा त्याहूनही पातळ थर इलेक्ट्रॉनांची वाट सुकर करतो.

पण ही पायरीच ठिसूळ आहे. पेडॉट-पीएसएस आम्लधर्मी असून ओलावा शोषून घेते, आणि खालच्या इंडियम-टिन ऑक्साइडच्या पारदर्शक थरास हळूहळू खाते. म्हणून आम्लविरहित आंतरथरांचा शोध चालू आहे. प्रयोगशाळेतील लहान घटांनी सुमारे १९ टक्के कार्यक्षमता गाठली, तरी टिकाऊपणाचा प्रश्न सुटलेला नाही.

उन्हाचा परिणाम सिलिकॉनलाही चुकत नाही. आयआयटी मुंबईत २०१० साली राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याने २०१३ पासून देशाच्या निरनिराळ्या हवामानांतील सौर पॅनेलांच्या पाहण्या केल्या. उष्ण प्रदेशांत ऱ्हास अधिक आढळला. मराठवाड्याचा उन्हाळा आपणांस सांगावयास नको.

तेव्हा पथदिव्यांसाठी ग्रामपंचायतीने आज सिलिकॉनचेच पॅनेल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणी विक्रेता प्लॅस्टिकचे पॅनेल घेऊन आला, तर प्रयोगशाळेतील टक्केवारीवर न भुलता, ते वैशाखाच्या उन्हात व श्रावणाच्या दमट हवेत उघड्यावर किती वर्षे तपासले आहे, याचा लेखी पुरावा त्याच्याकडे मागावा.