जुन्या टू-स्ट्रोक एंजिनांचा जीर्णोद्धार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्त, राजकारण, इतिहास, वाङ्मय असे विषय ऐकावयाची आपणांस सवय आहे. आज मी तेलकट हातांचा विषय घेऊन उभा आहे. चिटणीसांनी विषयाचे नाव विचारले, तेव्हा मी 'जीर्णोद्धार' हा शब्द सांगितला आणि त्यांचा चेहरा खुलला. कोणत्या देवळाचा, असे त्यांनी लगेच विचारले. देवळाचा नव्हे, एंजिनाचा, असे सांगितल्यावर तो थोडा मावळला. परंतु मला दुसरा शब्द सापडत नाही. 'दुरुस्ती' म्हणजे मोडलेले चालू करणे. जे बनविणारे कारखाने बंद पडले, ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत आणि ज्याची नाडी ओळखणारे हात दरवर्षी कमी होत आहेत, ते पुन्हा उभे करावयाचे तर त्याला जीर्णोद्धारच म्हटले पाहिजे.

विषय परका वाटतो, पण तो परका नाही. सकाळी दाराशी स्कूटर एका अंगावर कलती करून मग किक मारणारे गृहस्थ या सभेत पुष्कळ असतील. कलती केल्याने पेट्रोल कार्ब्युरेटरात चढते, ही त्यामागची समजूत. १९७२ साली कायनेटिकची लूना आली आणि शिक्षिका, टपालवाले, महाविद्यालयात जाणाऱ्या मुली अशा कितीतरी लोकांच्या पायाखाली पन्नास घनसेंटिमीटरचे एंजिन आले. दूधवाल्याचा राजदूत तर आपण विसरणे शक्य नाही. त्याचे मूळ घर पोलंडमध्ये, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पेट्रोलपंपावर 'ऑइल किती टाकू?' हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, ते सारे आजच्या विषयाचे जुने परिचितच होत.

हे ऑइल पेट्रोलमध्येच का मिसळावयाचे? या एका प्रश्नात सारे एंजिन सामावले आहे. आपल्या मोटारीच्या एंजिनात दट्ट्याच्या चार धावांत एकदा स्फोट होतो. वायू आत घेण्यास आणि बाहेर सोडण्यास झडपा असतात, खाली तेलाची वेगळी टाकी असते. टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे आपल्या शास्त्रीय ग्रंथांतील द्विधाव एंजिनात, दोन धावांत काम उरकते. दट्ट्या वर जातो तेव्हा वरच्या बाजूस मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी खाली, जेथे आस फिरतो त्या बंद पेटीत, नवे मिश्रण ओढले जाते. स्फोट होऊन दट्ट्या खाली येऊ लागला की पेटीतले मिश्रण दाबले जाते. सिलिंडरच्या भिंतीतले धुराचे भोक आधी उघडते, मागोमाग नव्या मिश्रणाचे. झडप नाही, दांडा नाही. भोके उघडण्या-मिटण्याचे काम दट्ट्याच करतो. फिरणारे-सरकणारे मुख्य भाग तीन: दट्ट्या, त्याचा दांडा आणि आस. खालच्या पेटीतून मिश्रण जात असल्यामुळे तेथे तेल भरून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलबरोबर जाते आणि पेट्रोलबरोबरच जळते. तो निळसर धूर त्याचाच.

ही रचना इंग्लंडातील बाथ गावच्या जोसेफ डे याची. त्याचे पेटंट १८९१ सालचे. त्याच्या पहिल्या एंजिनात एक-दोन एकमार्गी झडपा होत्या. त्याच्याच कारखान्यातील फ्रेडरिक कॉक याने पुढच्या वर्षी आत येणारे भोकही दट्ट्याच्या कडेनेच मिटवावयाची युक्ती काढली आणि झडपा गेल्या. मालकाचे नाव राहिले, कामगाराचे नाव आमच्यासारख्या वेड्यांनाच ठाऊक. अर्थात मालकाचेही फारसे राहिले नाही. १९४६ साली डे वारला तेव्हा त्याच्या कल्पनेवर जगभर लाखो यंत्रे चालत होती आणि त्याला मात्र लोक विसरले होते.

झडपा नाहीत म्हणून एंजिन हलके, स्वस्त आणि वाटेल तसे आडवे-तिडवे चालणारे. म्हणून ते माणसाच्या हातात आले. वुल्व्हरहॅम्प्टनच्या व्हिलिअर्स कारखान्याने १९१३ साली २६९ घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक एंजिन काढले. पुढे तशीच एंजिने मोटारसायकलींवर, गवत कापण्याच्या यंत्रांवर, पाण्याच्या पंपांवर बसू लागली. १९५६ मध्ये त्यांचे विसाव्या लाखाचे एंजिन तयार झाले आणि ते लंडनच्या विज्ञान संग्रहालयाला दिले गेले. ज्या वस्तूची वीस लाख नगे निघतात, ती कोणी जपून ठेवीत नाही. दुर्मिळ वस्तू आपोआप जपली जाते. सर्वत्र असलेली वस्तू एके दिवशी कोठेच नसते. आमच्या छंदाचे निम्मे दुःख यातच आहे.

संग्राहकांमध्ये सर्वांत हट्टी जात म्हणजे साखळी-करवतीवाले. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात असे गृहस्थ आहेत की ज्यांच्या पडवीत शे-दोनशे करवती फळ्यांवर ओळीने मांडलेल्या असतात. या करवतीचा इतिहास मोठा रंजक आहे. स्टुटगार्टच्या आंद्रेआस श्टील याने १९२९ साली पेट्रोलवर चालणारी झाड पाडण्याची करवत बाजारात आणली. वजन ४६ किलो, म्हणजे ती उचलावयास दोन गडी पाहिजेत. पण तिची साखळी फार लवकर बोथट होई. यावरचा तोडगा एका किड्याने दाखविला. ओरेगनमधील जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला १९४६ मध्ये लाकूड पोखरणारी अळी दिसली. ती उभ्या-आडव्या कोणत्याही रेषांत सारखीच आरपार जात होती. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून चालतात, हे त्याने पाहिले आणि साखळीचे दात तसेच, एक डावा एक उजवा, वाकविले. आजच्या साखळ्यांचे दात त्याच वंशातले आहेत.

दुसरी अडचण कार्ब्युरेटरची. जुन्या कार्ब्युरेटरात पेट्रोलच्या वाटीवर एक तरंगणारा गोळा असे; करवत आडवी धरली की तो आपला धर्म सोडी. मग गोळ्याच्या जागी एक पातळ पडदा आला. १९५९ सालच्या श्टीलच्या 'कॉन्ट्रा' करवतीत असा पडदा होता आणि ती कोणत्याही अंगाने धरली तरी चाले. आज आम्ही अशी करवत उघडतो तेव्हा तो पडदा बहुधा वाळल्या पिंपळपानासारखा कडकडीत झालेला असतो. नवा बसविला की पन्नास-साठ वर्षांची झोप मोडून ती पुन्हा खोकते.

येथे थोडे हातच्या कामाविषयी सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याच्या माळ्यावर काहीतरी पडलेले असेलच. ते खाली काढल्याबरोबर दोरी ओढू नका, किक मारू नका. आत गंज असेल तर एका ओढीत रिंग तुटते आणि सिलिंडरवर कायमची रेघ उठते. प्लग काढा, आत थोडे पातळ तेल सोडा आणि एक-दोन दिवस थांबा. मग धुराचे नळकांडे काढून भोकातून दट्ट्याच्या अंगाकडे बघा. टू-स्ट्रोकची ही मोठी सोय आहे. त्याचे पोट न फाडता खिडकीतून आत डोकावता येते. अंग गुळगुळीत असेल तर आशा आहे. उभ्या ओरखड्यांनी भरलेले असेल तर हे एंजिन कधीतरी तेलावाचून पळवलेले आहे, असे समजा.

प्लगला ठिणगी नसेल तर दहांत आठ वेळा दोष मॅग्नेटोच्या पॉइंटांचा असतो. त्यांच्यावर गंजाचा इतका पातळ थर चढतो की तो डोळ्यांना दिसत नाही. स्वच्छ कागदाचा तुकडा त्यांमध्ये धरून ओढला, फट सुमारे ०.४ मिलिमीटरवर आणली, की पुष्कळदा काम होते. फ्लायव्हील काढताना मात्र हातोड्याने ठोकू नये. ठोकण्याने लोहचुंबकाचे बळ जाते. आणि आपल्याकडे रंग काढण्यासाठी भाग कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात टाकण्याची जी रीत आहे, ती लोखंडाला ठीक, अॅल्युमिनियमला मारक. सकाळी टाकलेले कार्ब्युरेटर संध्याकाळी निम्मे विरघळून गेलेले मी पाहिले आहे.

पण खरी विद्या सीलची. ज्या बंद पेटीविषयी मघाशी बोललो, तिच्या दोन्ही टोकांना आसाभोवती रबरी सील असतात. साध्या एंजिनात सील गेले तर तेल गळते, जमीन खराब होते, एवढेच. येथे सील गेले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, दट्ट्या तापतो, फुगतो आणि भिंतीला धरून बसतो. यालाच आपले मिस्त्री 'पिस्टन पकडला' म्हणतात. मौज अशी की पकडण्याआधी एंजिन काही दिवस अधिकच तल्लख चालते. मूठ सोडली तरी आवाज खाली येत नाही. मालक खूश होतो. आमच्या पेठेत एक वयोवृद्ध मिस्त्री होते; त्यांच्याकडे एक लूनावाला पेढे घेऊन आला होता, 'मिस्त्री, गाडी आता काय पळते!' मिस्त्रींनी पेढा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आधी बंद करा ती." सील फाटलेले निघाले. ते ज्ञान त्यांच्या कानात होते, कोणत्याही पुस्तिकेत ते तशा शब्दांत छापलेले नाही. ते गेले, मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे. असे गॅरेज बंद होते तेव्हा हत्यारे भंगारात जातात हे आपल्याला दिसते. कान गेला हे कोणाला दिसत नाही.

आता एक नवे संकट आले आहे, आणि त्याचा आपल्या प्रांताशी जवळचा संबंध आहे. २०२५ पासून देशभर पंपांवर बहुतेक वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्यातले पुष्कळसे इथेनॉल आपल्याच ऊसकरी मुलखातून जाते. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु जुन्या रबराला हे मिश्रण मानवत नाही. ते फुगते, मऊ पडते. काही फार जुन्या कार्ब्युरेटरांतील तरंगता गोळा बुचाचा असून त्यावर लाखेचा लेप असतो, आणि लाख मद्यार्कात विरघळते, हे कोणताही सुतार आपणांस सांगेल. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. यंत्र महिनोन्महिने उभे राहिले की ते पाणी टाकीच्या तळाशी उतरते. म्हणून सील आणि नळ्या नव्या जातीच्या रबराच्या घालाव्यात आणि यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरातले पेट्रोल जळून एंजिन आपोआप बंद पडू द्यावे.

रंगाविषयी आमच्यात भांडणे आहेत. एक पक्ष म्हणतो, एंजिन कारखान्यातून निघाले त्या दिवशी जसे होते तसे चकचकीत करावे. दुसरा म्हणतो, धूळ झटकावी आणि पुढे हात लावू नये. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. करवतीची मूठ जेथे झिजलेली असते तेथे कोणाचा तरी हात वीस वर्षे होता. तिच्यावर रंग मारणे म्हणजे शिलालेखावर गिलावा करणे होय. ज्यांची यंत्रे प्रदर्शनांत बक्षिसे मिळवतात ते यावर हसतात, त्यांनी हसावे.

मात्र या यंत्रांची पूजा करावी असे मी म्हणत नाही. टू-स्ट्रोकमध्ये धूर जाण्याचे आणि मिश्रण येण्याचे दरवाजे एकाच वेळी उघडे असतात. त्यामुळे जुन्या एंजिनांत पाचव्या-चौथ्या हिश्शाइतके कोरे पेट्रोल न जळताच बाहेर पडते. आपल्या चौकांतला तो डोळे झोंबवणारा धूर आठवा. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून लहान पेट्रोल-एंजिनांची बहुतेक नवी बागकामाची यंत्रे विकण्यास आडकाठी केली, ती उगाच नव्हे. जुन्या करवतींचे तर आणखी वाईट. त्यांच्या थरथरीने जंगलकामगारांची बोटे पांढरी, बधिर पडत. साठीच्या दशकात मुठीखाली रबर आले तेव्हा कोठे त्यात उतार पडला. पाते उसळून अंगावर आले तर साखळी थांबविणारा ब्रेक सर्रास यावयास आणखी काही वर्षे लागली. म्हणून १९५० सालची करवत मिनिटभर चालवून आवाज ऐकावा. तिने झाड कापू नये. आणि त्या करवतींनी शतकानुशतकांची अरण्ये किती वेगाने आडवी केली, हेही त्या फळीशेजारच्या चिठ्ठीवर लिहिलेले असावे. संग्रहात यंत्राची बाजू घेणारा संग्राहक मला अर्धवट वाटतो.

शेवटी एक विनंती. आपल्या ओळखीचा एखादा मिस्त्री सत्तरीच्या पुढे असेल तर पावसाळ्यापूर्वी त्याच्याकडे एकदा जा आणि त्याला तीनच गोष्टी विचारा: तेलाचे प्रमाण तो किती धरी, पॉइंटची फट कशाने मोजी, आणि पिस्टन पकडण्याआधी त्याला काय ऐकू येई. तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि खाली तारीख घाला. बाहेर ओसरीवरच्या टेबलावर मी एक उघडलेला मॅग्नेटो आणि लूनाचे कापलेले सिलिंडर ठेवले आहे. ज्यांना फिरवून पाहावयाचे असेल त्यांनी खुशाल फिरवावे. शेजारी फडके आहे.