दोन माश्या, एक नाव

पगारपत्रकात एकाचे नाव दुसऱ्याला लागले की काय होते, हे आम्हां कामगारांस ठाऊक आहे. माश्यांचेही तेच झाले. केयेनच्या कैद्यांच्या नाकात पडलेल्या किड्यांची माशी १८५८ साली कोकरेल या फ्रेंच डॉक्टराने 'मनुष्यभक्षक' म्हणून नोंदवली. तरी अमेरिकेत तिला मढ्यावरच्या माशीचेच नाव चाले. दोघी निळसर-हिरव्या, पाठीवर तीन पट्टे! मग मढी जाळा, असा उपदेश. गुरांच्या जखमा किडतच राहिल्या. १९३३ साली कुशिंग व पॅटन यांनी नराच्या जननेंद्रियांच्या घडणीवरून जाती वेगळ्या केल्या. ही जिवंत जखमेत अंडी घालते, मादी बहुधा एकदाच जुगते. म्हणूनच वांझ केलेले नर सोडून १९५४ साली कुरासाओ बेटावरून तिचे उच्चाटन करता आले.