दुब्रोवनिकची भिंत आणि आपला परकोट

आजचा भाग प्रवासाचा आहे. पण विमानाचं तिकीट कसं स्वस्त मिळवायचं, व्हेज जेवण कुठे मिळतं, हे आज सांगणार नाही. समुद्राकाठच्या एका छोट्या शहरात मी चार दिवस राहिलो आणि सगळा वेळ चंद्रपूरचाच विचार करत बसलो, त्याबद्दल बोलायचंय.

शहराचं नाव दुब्रोवनिक. क्रोएशियात, एड्रियाटिक समुद्राच्या काठावर. लोकसंख्या साधारण 41 हजार. म्हणजे आपल्याकडे एखादं तालुक्याचं गाव असतं तेवढं. त्याचा जुना भाग पूर्ण दगडी तटबंदीच्या आत आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' पाहिली असेल तर किंग्ज लँडिंग म्हणून हीच भिंत तुम्ही पाहिलीय.

पहिल्या दिवशी सकाळी मी पिले गेटमधून आत शिरलो आणि घरी व्हिडिओ कॉल लावला. आई दोन सेकंद बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, हे तं आपल्या जटपुरा गेटसारखंच दिसते. पण इथं गाड्या कुठं हायत?"

बरोबर आहे तिचं. आत गाड्या नाहीतच. स्त्रादून नावाचा जेमतेम 300 मीटरचा मुख्य रस्ता, चालून चालून गुळगुळीत झालेला दगड, सकाळच्या उन्हात ओला असल्यासारखा चमकतो. आणि आपलं जटपुरा गेट? संध्याकाळी सहाला तिथे अडकलेल्या माणसाला इतिहास नाही, हॉर्न आठवतो.

तिकीट काढून मी भिंतीवर चढलो. सगळी फेरी साधारण दोन किलोमीटरची. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लाल कौलं. नीट पाहिलं तर कौलांचे दोन रंग दिसतात. थोडी जुनी, मळकट. बाकीची नवी, भडक. 1991 च्या युद्धात या शहराला वेढा पडला होता. 6 डिसेंबरला तर दिवसभर तोफगोळे पडले. नवी कौलं म्हणजे त्यानंतर शाकारलेली छपरं.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट कौलांची नाही, तिकिटाची आहे. ही भिंत 1952 मध्ये सुरू झालेली एक नागरिकांची संस्था सांभाळते. जुन्या वास्तूंच्या मित्रांची संस्था, असं तिचं नाव. तिकिटाच्या पैशातून दुरुस्ती चालते. हे वाचलं आणि मला आपलं इको-प्रो आठवलं. 2017 मध्ये आपल्याकडची पोरं विळे-कुऱ्हाडी घेऊन परकोटावर चढली आणि दोनशे दिवसांहून जास्त झाडंझुडपं, कचरा काढत राहिली. 'मन की बात'मध्ये उल्लेख झाला तेव्हा कित्येक चंद्रपूरकरांना कळलं की आपल्याकडे चालता येईल अशी भिंत आहे. त्या कित्येकांत मी पण होतो. कबूल करतो.

बाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडं सांगतो. चंद्रपूरचा परकोट गोंड राजांनी बांधला. खांडक्या बल्लाळशहाने सुरुवात केली आणि पुढच्या पिढ्यांनी काम पुरं केलं. सशाने कुत्र्याचा पाठलाग केला आणि ते जिथून धावले तिथून भिंतीची रेघ आखली, अशी गोष्ट आपल्याकडे सांगतात. चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. आणि पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. दुब्रोवनिकच्या भिंतीतही एक छोटा दरवाजा आहे, बूझा. त्याचा अर्थ भोक. मला हसूच आलं. त्यांचं भोक, आपली खिडकी. लांबीत आपला परकोट त्यांच्या चौपटीहून मोठा. तिथलं प्रजासत्ताक 1808 मध्ये फ्रेंचांनी संपवलं. चांद्याचा किल्ला 1818 मध्ये इंग्रजांनी घेतला. दहा वर्षांचा फरक.

इथपर्यंत मी मनात म्हणत होतो, बघा, असं करायला पाहिजे आपल्याकडे. तिकीट, दिवे, चकचकीत दगड.

मग दुसरी बाजू दिसली.

मी राहत होतो भिंतीबाहेर, ग्रुझ नावाच्या बंदराजवळच्या भागात. घरमालकीण साठीच्या काकू. त्यांचा जन्म भिंतीच्या आतला. आई-वडील गेल्यावर भावंडांनी घर विकलं आणि आता ते पर्यटकांना रात्रीच्या भावाने मिळतं. त्या म्हणाल्या, "माझ्या खोलीत झोपायचं तर मलाच बुकिंग करावं लागेल." हसून म्हणाल्या, पण मला हसता आलं नाही. 3 फेब्रुवारीला ग्रामदैवताचा, म्हणजे संत व्लाहोचा सण असतो, तेव्हा त्या आत जातात. एरवी नाही.

मग मी रात्री मुद्दाम आत गेलो. गल्ल्यांमधून खिडक्या मोजत फिरलो. बऱ्याच अंधाऱ्या. दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसले की बरं वाटायचं, कुणीतरी राहतंय अजून. बाकी दगडावरून ओढल्या जाणाऱ्या बॅगांच्या चाकांचा आवाज. क्रूझ जहाजांवर आता मर्यादा घातलीय, पण गेलेली माणसं कुठे परत येतात?

हे मला एवढं का लागलं, ते सांगतो. आमचं जुनं घर पठाणपुऱ्याच्या बाजूला, परकोटाच्या आत आहे. त्याला गिऱ्हाईक आलंय. बाबांनी निघण्याआधीच विचारलं होतं, "तू काही इकडे येत नाहीस. काढून टाकू का?" मी म्हणालो होतो, "तुम्ही ठरवा." प्रोजेक्ट डेडलाइन होती. दोन मिनिटांत विषय संपवला होता मी.

ग्रुझहून मी बाबांना फोन केला आणि म्हटलं, थांबा जरा.

आता खरं सांगतो, मी परत चंद्रपूरला राहायला जाणार आहे का? लगेच तरी नाही. घर ठेवलं तर माळवदाचा खर्च आहे, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. बाबांचंही बरोबर आहे. आठवण म्हणून घर ठेवणं सोपं असतं, झाडू बाबांनाच मारावा लागतो.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा बाबांना घेऊन बगड खिडकीकडून परकोटावर चढलो. तिकीट नाही, गर्दी नाही. खाली कुणाच्या तरी गच्चीवर पापड वाळत होते. एका पोराने खालून ओरडून विचारलं, "काका, पतंग दिसते का वर?" बाबांनी शोधून दिली.

उतरताना बाबा म्हणाले, "विकण्यापेक्षा कोणी राहणारं कुटुंब बघू. भाडं कमी आलं तरी चालते." एवढंच ठरलंय सध्या. गिऱ्हाईकाला अजून नाही म्हणालेलो नाही.

ताडोब्याला येणारे लोक नागपूरहून थेट मोहर्लीच्या गेटवर जातात, शहर त्यांना दिसतच नाही. उद्या कधी ते परकोट बघायला आले तर मला आनंदच होईल. तिकीटही लावा. पण भिंतीवरून खाली बघितल्यावर त्यांना पापड दिसले पाहिजेत, एवढंच म्हणणं आहे.

तुमचं परकोटाच्या आत घर असेल, किंवा होतं आणि विकलं असेल, तर मला नक्की कळवा. विकल्यावर काय वाटतं, हेही ऐकायचंय. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.