गाडीची किल्ली आणि दारी येणारा किल्लीवाला

चौकात पेटी मांडून बसणारा किल्लीवाला आपल्या ओळखीचा असतो. कपाटाची, कुलपाची किल्ली तो कानस चालवून बघता बघता हातात ठेवतो. चारचाकीची किल्ली हरवली की मात्र नुसत्या कानशीने भागत नाही. मग संगणकी यंत्र घेऊन गाडीपाशी येणारा कारागीर बोलवावा लागतो.

याचे कारण किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत आहे. तिथे एक बारीक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते; इग्निशनच्या कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते आणि ती आपला संकेत गाडीला कळवते. संकेत जुळला, तरच इंजिन चालू राहते. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. ब्रिटन आणि जर्मनीत नव्या मोटारींना 1998 पासून ती सक्तीची झाली. म्हणजे पात्याचे दाते हुबेहूब कापले, तरी दार उघडेल, इंजिन चालणार नाही. चिपचा संकेत गाडीच्या स्मृतीत नोंदवावा लागतो. त्यालाच हे कारागीर कोडिंग म्हणतात.

म्हणून फोन करण्याआधी बिघाड कुठला, ते पाहा. किल्ली फिरतच नसेल, तर बहुतेक वेळा स्टिअरिंग लॉक झालेले असते. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलके हलवत किल्ली फिरवा. जोर लावू नका. पाते तुटून आत राहिले, तर काम वाढते. तसे झालेच, तर दुसरी किल्ली आत खुपसू नका आणि गोंद लावून तुकडा ओढायला जाऊ नका. किल्ली फिरते, पण स्टार्टर नुसता टकटक करतो, तेव्हा संशय गाडीच्या बॅटरीवर घ्यावा. इंजिन फिरते, पण पेटत नाही आणि डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकते, तेव्हा चिप तपासायला हवी.

बटणाने चालू होणाऱ्या गाड्यांत रिमोटची बॅटरी संपली, तरी घाबरू नका. बहुतेक रिमोटमध्ये दार उघडायला धातूचे पाते लपवलेले असते. आत बसून रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवला, की अनेक गाड्या चालू होतात.

कारागिराला गाडीचे मॉडेल, वर्ष, आणि एखादी चालू किल्ली जवळ आहे का, हे आधीच सांगा. खर्च बराचसा त्यावरच ठरतो. एक किल्ली हाताशी असली, की दुसरी करणे सोपे जाते. सगळ्याच हरवल्या, तर काही गाड्यांना कंपनीचा गुप्त क्रमांक लागतो, काहींची इलेक्ट्रॉनिक पेटी काढून काम करावे लागते. हरवलेल्या किल्लीची नोंद गाडीच्या स्मृतीतून पुसून घ्यायला विसरू नका; नाहीतर ज्याला ती सापडेल, त्याला गाडीही सापडेल.

काम सुरू करण्याआधी कारागीर आरसी आणि तुमचे ओळखपत्र मागेल. त्याचा राग मानू नका. उलट, काहीही न विचारता गाडी उघडून देणाऱ्यापासून सावध राहा; तो आज तुमची उघडतो, उद्या तुमची गाडी दुसऱ्याला उघडून देईल. किल्ली हरवल्याची पोलिसांत नोंदही करून ठेवा. पुढे गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी सगळ्या किल्ल्यांचा हिशेब मागते.

एका प्रसंगी मात्र किल्लीवाल्याची वाट पाहू नये. बंद गाडीत मूल अडकले असेल, तर 112 वर फोन करा आणि मुलापासून दूर असलेली बाजूची काच फोडा. उन्हात गाडी काही मिनिटांत जीवघेणी तापते.

आता एवढेच करा. गाडीसोबत मिळालेली दुसरी किल्ली कपाटातून शोधून काढा, तिने एकदा इंजिन चालू करून बघा. चालले, तर ती घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. नाही चालले, तर पहिली हातात आहे तोवरच किल्लीवाल्याला बोलवा.