शिकारी रायफलीची परीक्षा

१९०७ सालीं जिम कॉर्बेट यांनीं कुमाऊंत चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नांवावर ४३६ बळी होते. तिचे उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. ती जुन्या गोळीची इजा होय, असें कॉर्बेट यांनीं नमूद केलें. अर्धवट लागलेली गोळी असा अनर्थ करते.

नेमचुकीचा दोष नेहमीं हाताचाच नसतो. नळींतील पिळदार आटे गोळीला फिरकी देतात. त्यामुळें ती सरळ जाते. जुन्या काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचा क्षार नळींत राही, हवेंतील ओल ओढून घेई आणि पोलादाला गंज चढे. तो क्षार तेलांत विरघळत नाहीं. म्हणून जाणते शिकारी आधीं कढत पाणी ओतीत, मग नळी कोरडी करून तेल लावीत.

परीक्षक प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री करतो, बोल्ट काढतो आणि नळींतून उजेडाकडे पाहतो. काळा थर घासून गेला तर ती काजळी. खळगे राहिले तर गंज. तथापि किंचित् खळगे असलेली नळीहि पुष्कळदां नेम राखते. उलट आरशासारख्या नळीच्या तोंडाची कड ठेचली असेल, तर वायु एका बाजूनें आधीं निसटून गोळीला ढकलतो.

अखेरचा निवाडा कागदी निशाणाचा. टेकूवरून ५ गोळ्या झाडाव्या. त्या एकत्र पण बाजूला पडल्या, तर माशी सरकवावी. विखुरल्या, तर कुंद्याचे स्क्रू, तोंड आणि नळी तपासावी. तरीहि विखुरल्या, तर ती रायफल जनावरावर रोखूं नये.