तीन प्राण आणि तीस प्राण



खेळ म्हटला म्हणजे आमच्यासारख्या जुन्या शाळामास्तरांच्या डोळ्यांपुढें प्रथम मैदान उभें राहतें, आणि मैदानावर हुतुतू, खोखो, आट्यापाट्या. आजचा माझा विषय मात्र मैदानावरचा नाहीं. तो पडद्यावरचा आहे. 'रन अँड गन' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जुन्या व्हिडिओ खेळांविषयीं मी आपल्याशीं बोलणार आहें. नांवाचा अर्थ सरळ आहे. धांवावें, आणि धांवतां धांवतां गोळ्या झाडाव्या. पडद्यावर बोटाएवढा एक शिपाई असतो. समोरून, वरून, पाठीमागून शत्रु येत असतात. त्यांच्या गोळ्या चुकवीत, उड्या मारीत, प्रसंगीं जमिनीवर आडवें पडून त्याला मार्गाच्या टोंकापर्यंत पोंचावयाचें असतें. कथा म्हणाल तर एवढीच.

एवढ्याशा गोष्टीला व्याख्यान कशाला, असें कोणी म्हणेल. माझें उत्तर असें कीं, मूल ज्या गोष्टीशीं तासन् तास झुंजतें, तिची परीक्षा वडील माणसांनीं करावयास पाहिजे. आणि 'डोळे बिघडतील' एवढी तक्रार म्हणजे परीक्षा नव्हे. शिक्षकाच्या धंद्यांत परीक्षकाला लावावयाची एक कसोटी आहे. तो कडक आहे कीं सौम्य, हें दुय्यम. तो न्यायी आहे कीं नाहीं, हें मुख्य. हीच कसोटी आज मी या खेळांना लावून पाहणार आहें.

प्रथम थोडा इतिहास. या खेळांची जन्मभूमि जपान. टायटो कंपनीचा 'फ्रंट लाइन' १९८२ सालीं निघाला, कॅपकॉमचा 'कमांडो' १९८५ सालीं आला, आणि १९८६ सालच्या एस्. एन्. के. कंपनीच्या 'इकारी' या खेळांत दोन खेळाडू एकाच वेळीं खांद्याला खांदा लावून लढूं लागले. या तिन्ही खेळांत आपण रणभूमीकडे वरून पाहतों. १९८७ सालीं कोनामी कंपनीनें 'कॉन्ट्रा' काढला. त्यांत आपण मुख्यतः बाजूनें पाहतों, जसें नाटकगृहांत बसून रंगभूमीकडे पाहावें तसें. बिल रायझर आणि लान्स बीन हे त्यांतील दोन वीर. वाटेंत उडत जाणारे गोळे फोडले म्हणजे निरनिराळ्या बंदुका हातीं येतात. त्यांपैकीं 'एस्' या अक्षराची बंदूक पांच गोळ्या पंख्यासारख्या पसरून फेंकते, आणि ती हातीं लागली कीं मुलाचा चेहरा उजळतो.

हे खेळ आरंभीं घरीं खेळावयाचे नव्हते. कपाटाएवढीं यंत्रें खेळगृहांत मांडलेलीं असत आणि त्यांत नाणें टाकून खेळावें लागे. जपानांत शंभर येनांचें नाणें, अमेरिकेंत पाव डॉलरचें. एका नाण्यावर एक मुलगा तासभर खेळत राहिला तर मालकाचें दिवाळें निघावयाचें. म्हणून खेळाडू लवकर मरावा, परंतु आणखी एकदां खेळावें अशी इच्छा मनांत ठेवून मरावा, हें त्या व्यापाराचें गणित होतें. 'कॉन्ट्रा'मध्यें एक गोळी लागली कीं एक प्राण गेला. प्राण संपले कीं पडद्यावर आंकडे उतरत्या क्रमानें येऊं लागत, आणि शून्य होण्यापूर्वीं नवें नाणें टाकलें तरच लढाई पुढें चाले. तेथें मृत्यु हा दुकानदाराचा मुनीम होता. या कडकपणाचा उगम विद्येच्या हेतूनें झाला नाहीं, हें प्रथमच मान्य केलेलें बरें.

परंतु पुढें एक मौजेची गोष्ट घडली. १९८८ सालीं 'कॉन्ट्रा' निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावर आला. नाण्याची फट गेली. कडकपणा मात्र राहिला. तसें होण्यास कारणही होतें. अमेरिकेंत विकली गेलेली ती आवृत्ति अवघ्या १२८ किलोबाइटांत मावलेली होती. आज खिशांतील फोननें काढलेल्या एका छायाचित्राला याहून कितीतरी पट जागा लागते. एवढ्याशा जागेंत आठ मजला बसविल्या होत्या, आणि ज्याला खेळ येतो तो त्या अर्ध्या तासाच्या आंत पार करतो. पोथी इतकी लहान असल्यावर ती महिनोन् महिने पुरावी कशी? ती कठीण असली तरच पुरेल. म्हणून मूल तीच पहिली मजल शंभरदां चालूं लागलें. आम्ही पूर्वीं पावकी-निमकी जशी पाठ करवून घेत असूं, तशी त्याच्या बोटांना ती वाट पाठ झाली.

आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकांत याच धर्तीचीं यंत्रें मध्यमवर्गीय घरांतून आलीं आणि त्यांबरोबर 'कॉन्ट्रा'ही आला. खेळाच्या त्या चपट्या डबीला मुलें 'कॅसेट' म्हणत, आणि ती चालेनाशी झाली कीं तिच्यांत फुंकर मारून पुन्हां बसवीत. जपानांत नाण्यांसाठीं घडविलेला कडकपणा असा मराठी घरांतील पाटावर येऊन बसला.

आतां न्यायाचा प्रश्न. या खेळांतील शत्रूच्या गोळ्या डोळ्यांना स्पष्ट दिसतात, आणि त्या चुकवितां येतील इतक्या बेतानें येतात. बुरूज, तोफा आणि बक्षिसाचे उडते गोळे आपापल्या ठराविक जागीं असतात. काल जेथें तोफ होती तेथें ती आजही असते. कळ दाबली कीं उडी तेवढीच उंच जाते, मग ती श्रीमंताच्या मुलानें दाबलेली असो कीं गरिबाच्या. म्हणून हरलेला मुलगा 'पेपर कठीण होता' किंवा 'मास्तरांची मर्जी नव्हती' असें म्हणत नाहीं. 'मी क्षणभर लवकर उडी मारली' असें म्हणतो. ज्या परीक्षेचा निकाल तत्काळ लागतो, चूक जेथल्या तेथें दाखविली जाते आणि त्याच क्षणीं पुन्हां परीक्षेस बसतां येतें, अशी परीक्षा आमच्या शाळांना कधीं साधली नाहीं. या चापल्यामुळें मुलाचें बीजगणित सुधारेल असा दावा मी करीत नाहीं. पडल्यावर कां पडलों याचा शोध घेऊन उठण्याची संवय लागते, एवढेंच माझें म्हणणें.

न्यायाच्या या चित्रावर एक डाग आहे, तोही सांगितला पाहिजे. 'कॉन्ट्रा'मध्यें प्राण गेला कीं मिळविलेली बंदूकही जाते, आणि वीर पुन्हां साध्या बंदुकीवर येतो. म्हणजे जेथें तो पडला त्या कठीण जागीं तो आणखी दुबळा होऊन उभा राहतो. नापास झालेल्या मुलाची पुस्तकेंही काढून घ्यावीं, त्यांतला हा प्रकार आहे. कडकपणा येथें न्यायाची मर्यादा ओलांडतो.

आणि याच ठिकाणीं दयेची गोष्ट येते. कोनामी कंपनींत काझुहिसा हाशिमोतो नांवाचे एक प्रोग्रामर होते. १९८६ सालीं 'ग्रॅडियस' हा अंतराळयानाचा खेळ घरगुती यंत्रासाठीं तयार करण्याचें काम त्यांच्याकडे होतें. खेळ बरोबर चालतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तो स्वतः खेळून तपासावा लागे. आणि तो तर त्यांच्याच आटोक्याबाहेरचा! म्हणून त्यांनीं आंत एक गुप्त किल्ली ठेवली. वर, वर, खालीं, खालीं, डावें, उजवें, डावें, उजवें, मग 'बी' आणि 'ए', या क्रमानें कळा दाबल्या कीं यानाला सर्व शस्त्रें मिळत. ती किल्ली काढून टाकावयाची राहिली आणि खेळाबरोबर बाजारांत गेली. पुढें कंपनीनें तीच किल्ली आपल्या इतर खेळांतूनही ठेवली. घरगुती 'कॉन्ट्रा'मध्यें ती वापरणाऱ्याला तीन प्राणांच्या जागीं तीस प्राण मिळत. हाशिमोतो २०२० सालीं निवर्तले. परंतु त्यांची किल्ली जगभरच्या मुलांनीं एकमेकांच्या कानांत सांगून जिवंत ठेवली आहे.

ही किल्ली म्हणजे कॉपी नव्हे काय, असें मला कोणी विचारील. माझ्या मतें नव्हे. कॉपी करणाऱ्याला उत्तर आयतें मिळतें. तीस प्राणांनीं एकही गोळी चुकत नाहीं कीं एकही उडी आपोआप पडत नाहीं. सारी वाट ज्याची त्यालाच चालावी लागते. फरक एवढाच कीं, जो दुबळा विद्यार्थी रोज पहिल्याच पानावर अडखळून पुस्तक मिटीत होता, त्याला शेवटचा धडा काय आहे हें एकदां पाहावयास मिळतें. शेवट पाहिल्यावर पुष्कळांना पुन्हां तीन प्राणांवर खेळावेंसें वाटतें. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यालाच ती सुटली नाहीं, हें ज्याला प्रामाणिकपणें उमगतें, त्याच्याच हातून अशी दया घडते.

आतां सर्वांत जड आक्षेप. ज्या खेळाचा विषयच गोळी झाडणें हा आहे, तो मुलाच्या हातीं द्यावा काय? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. त्याला दोन निरनिराळीं उत्तरें दिलीं गेलीं. पश्चिम जर्मनींत बालकांना अपायकारक ठरणाऱ्या साहित्यावर कडक निर्बंध होते. १९९० सालीं घरगुती 'कॉन्ट्रा' युरोपांत निघाला तो 'प्रोबोटेक्टर' या नांवानें, आणि त्यांतील दोन्ही वीर माणसें न राहतां यंत्रमानव झाले. उड्या त्याच, गोळ्या त्याच. फक्त माणूस दृष्टीआड केला.

दुसरें उत्तर १९९६ सालच्या 'मेटल स्लग' या खेळांत सांपडतें. नाझ्का या मंडळीनें तो एस्. एन्. के.च्या निओ जिओ यंत्रासाठीं घडविला. त्यांतील प्रत्येक चित्र ठिपक्याला ठिपका जोडून हातानें रचलेलें आहे, आणि त्यांतला शत्रु नुसता लक्ष्य नाहीं. तो सोबत्याशीं गप्पा मारतो, हंसतो, आणि आपला वीर अचानक समोर आला कीं घाबरून किंचाळतो. वाटेवर दाढ्या वाढलेले युद्धकैदी बांधलेले असतात. त्यांना सोडविलें कीं ते कांहीं भेट देतात, सलाम करतात आणि पळून जातात. मजल संपल्यावर त्या सुटलेल्यांचीं नांवें एकेक करून पडद्यावर येतात. मध्येंच आपला प्राण गेला तर ती मोजदाद पुसली जाते. आणि एकट्यानें खेळ पुरा केला तर शेवटीं काय दिसावें? एक कागदी विमान त्या साऱ्या रणभूमींवरून तरंगत जातें, आणि त्याच्याखालीं मोडलेलीं यंत्रें व आपण मारलेले शिपाई पडलेले दिसतात. पहिल्या उत्तरानें माणूस लपविला, दुसऱ्यानें तो दाखविला. विनोद आणि करुणा एकाच पानावर ठेवणारें हें दुसरें उत्तर मला अधिक प्रामाणिक वाटतें. अर्थात् तें समजण्यासही कांहीं वय लागतें. अगदीं लहान मुलाच्या हातीं काय द्यावें याचा विवेक घरांतील वडिलांनींच करावयाचा आहे.

हा सारा जुना इतिहास आज कशासाठीं उगाळावा? अशासाठीं कीं, नाण्याची फट पुन्हां आली आहे. फोनवरील कित्येक खेळांत प्राण संपले कीं मुलाला सांगण्यांत येतें, 'तासभर थांब, नाहीं तर पैसे भर.' खेळगृहांतील मुलाच्या खिशांतलीं नाणीं मोजकीं असत. येथें वडिलांचें बँकेचें खातें जोडलेलें असूं शकतें. याच्या उलट उदाहरणही आहे. कॅनडांतील चॅड आणि जॅरेड मोल्डनहॉवर या बंधूंनीं २०१७ सालीं 'कपहेड' हा खेळ काढला. १९३० च्या सुमाराच्या अमेरिकन व्यंगचित्रपटांच्या धर्तीवर त्याचीं चित्रें कागदावर हातानें काढलेलीं आहेत. खेळ अतिशय कठीण आहे. परंतु कितीही वेळां हरलें तरी पुन्हां खेळण्यास कांहीं पडत नाहीं, आणि प्रत्येक पराभवानंतर आपण शत्रूच्या किती जवळ पोंचलों होतों हें एका रेघेवर दाखविलें जातें. नापासाच्या हातींही त्याचे गुण द्यावे, ही जाण तेथें आहे.

तेव्हां पालकांना माझी सूचना अशी कीं, मुलाच्या हातांतला खेळ कडक आहे कीं सोपा, नवा आहे कीं जुना, हें विचारूं नका. हरल्यानंतर तो खेळ मुलाकडे काय मागतो, तें पाहा. आणखी एक प्रयत्न मागत असेल तर तो परीक्षक आहे. पैसे मागत असेल तर तो सावकार आहे.

आणि हें दुरून कळावयाचें नाहीं. मुलाशेजारीं बसून स्वतः कळा हातीं घ्याव्या लागतील. 'कॉन्ट्रा'च्या तिसऱ्या मजलेंत एक धबधबा आहे. दोघांनीं खडकांवरून उड्या मारीत वर चढावयाचें असतें. एकजण घाईनें पुढें गेला कीं पडदा वर सरकतो, आणि जो खालीं राहिला त्याच्या पायांखालची भूमीच नाहींशी होऊन त्याचा प्राण जातो. वडिलांचीं बोटें मंद, मुलाचीं चपळ; तेव्हां खालीं कोण राहणार हें सांगावयास नको. पहिल्या दोनचार वेळां मूल वर निघून जाईल. नंतर तें खडकावर उभें राहील आणि आपण येईपर्यंत उडी मारणार नाहीं. पुढें गेलेल्यानें मागच्यासाठीं थांबावें, हा धडा आम्हीं वर्गांत पुष्कळदां फळ्यावर लिहिला. तो इतक्या थोडक्यांत मात्र आम्हांला शिकवितां आला नव्हता.